पाचवे इंद्रिय

आपल्या समाजात गृहस्थाला श्रावक म्हणतात. श्रवण करतो तो श्रावक. सोयगावात भुसार मालाचा आणि हंगामात कापसाचा व्यापार करणारा मी जन्माने व संस्काराने श्रावकच. परंतु पंचेचाळिशीपासून पुढे सुमारे वीस वर्षे या शब्दाचा मूळ अर्थ माझ्यापासून हळूहळू दूर जात राहिला. व्याख्यानाला जात होतो, पहिल्या रांगेत बसत होतो, योग्य जागी मानही हलवीत होतो. ऐकू मात्र काहीच येत नव्हते. फेब्रुवारी २०२२ मध्ये उजव्या कानावर कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया झाली. तेव्हापासून नात्यातील आणि व्यापारातील अनेकांनी चौकशी केली. कोणाचे वडील, कोणाच्या सासूबाई, एका घरी तर तान्हे मूल. प्रत्येकाला तुटक तुटक सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावे, या हेतूने हा लेख.

बहिरेपण एका दिवसात येत नाही. पहिल्यांदा पाखरे गेली. मग दुसऱ्या खोलीतील कुकरची शिटी, मग लहान मुलांचे व स्त्रियांचे आवाज. पुरुषांचे जाड आवाज बरेच दिवस टिकले, म्हणून घरातील स्त्रियांची समजूत अशी की, बाबूजींना आमचेच तेवढे ऐकू येत नाही! यात शास्त्र आहे. बहुतेकांचे कान वरच्या पट्टीकडून खाली बिघडत जातात. 'स', 'श', 'फ', 'थ' ही अक्षरे वरच्या पट्टीची आणि क्षीण; ती आधी गळतात. स्वर शिल्लक राहतात. म्हणजे माणूस बोलतो आहे हे कळते, काय बोलतो ते कळत नाही.

व्यापाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. 'साठ' मधला 'स' गळला की 'आठ' उरतो. पासष्ट, सहासष्ट, सदुसष्ट यांचे शेपूट एकच. आमच्याकडे माल आणणारा शेतकरी डोंगराखालच्या, खानदेशाच्या वळणाच्या बोलीत बोलतो. घरात मारवाडी, कागदावर मराठी, आडत्याशी फोनवर हिंदी. चार वळणांची भाषा ज्या कानाने चाळीस वर्षे बिनबोभाट तोलली, तो कान आता वजन दाखवेनासा झाला. मी कॅल्क्युलेटर पुढे करू लागलो. भाव त्यावर टाइप करायचा, समोरच्याने मान हलवायची, सौदा पक्का. गावातील लोक समजूतदार. कोणी हसले नाही. मात्र गप्पा बंद झाल्या. शेतकरी माल घालून बाकावर घटकाभर बसायचा, पाऊसपाणी, मुलीचे स्थळ, भाऊबंदकी सांगायचा, ते थांबले. दुकान चालू राहिले आणि दुकानदार एकटा पडला.

श्रवणयंत्रे होती. पहिली जोडी २००९ मध्ये जळगावहून घेतली. आम्हाला जळगाव जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा जवळ, मध्ये अजिंठ्याचा घाट नाही. काही वर्षे त्यांनी उत्तम काम केले. पुढे दुसरी, अधिक ताकदीची जोडी घेतली. २०१८ नंतर आवाज वाढवला की फक्त गोंगाट वाढे. मी ओठ वाचू लागलो होतो, हे माझे मलाही उशिराच उमगले, आणि ते उमगले करोनाच्या काळात. सर्वांच्या तोंडाला मास्क लागले आणि माझे उरलेसुरले ऐकणे एका दिवसात संपले. तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. आम्ही स्थानकवासी. महाराजसाहेबांच्या आणि महासतीजींच्या मुखावर मुहपत्ती असते, आणि आमच्या परिसरात चातुर्मासाला येणारे संत ध्वनिवर्धक वापरत नाहीत. दुकानात मला थोडेबहुत कळायचे आणि स्थानकात काहीच का कळत नसे, याचे उत्तर एवढे सोपे होते.

कानाची रचना थोडक्यात सांगतो, कारण ती कळल्याशिवाय या शस्त्रक्रियेचा उपयोग आणि तिची मर्यादा दोन्ही कळत नाहीत. कानाच्या आत, हाडाच्या पोकळीत, शंखासारखा सुमारे अडीच वेढ्यांचा एक भाग असतो. त्याला कॉक्लिया म्हणतात. त्यात द्रव असतो आणि अतिसूक्ष्म केशपेशी असतात, एका कानात सुमारे पंधरा हजार. ध्वनीची लहर आली की या पेशी हलतात आणि तिचे रूपांतर विद्युतसंदेशात करून मज्जातंतूकडे देतात. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. दुकानाची उपमा द्यायची तर केशपेशी म्हणजे वहीत नोंद करणारा मुनीम. श्रवणयंत्र गिऱ्हाइकाचा आवाज मोठा करते. मुनीमच उरला नसेल तर गिऱ्हाईक कितीही ओरडले तरी नोंद होणार नाही. इम्प्लांट मुनीमाला वगळून थेट वहीत लिहिते. कानामागे बसवलेला प्रोसेसर ध्वनी टिपतो, त्याचे विश्लेषण करतो आणि कातडीखालच्या यंत्राकडे पाठवतो. तेथून एक बारीक, लवचिक तार शंखाच्या वेढ्यात शिरलेली असते आणि तिच्यावरचे इलेक्ट्रोड मज्जातंतूला थेट चेतवतात. माझ्या तारेवर बावीस इलेक्ट्रोड आहेत. पंधरा हजारांचे काम बाविसांनी करायचे!

हे यंत्र कोणा एकाचे नव्हे. पॅरिसमध्ये १९५७ साली ज्युर्नो आणि एरिएस यांनी पहिला प्रयत्न केला, १९६१ पासून लॉस एंजेलिसमध्ये विल्यम हाउस यांनी. ऑस्ट्रियात इंगेबोर्ग व एर्विन होखमायर हे दाम्पत्य याच कामात होते. पण मला जवळचे वाटतात ते मेलबर्नचे ग्रॅम क्लार्क, आणि त्याचे कारण शास्त्रीय नाही. त्यांचे वडील सिडनीजवळच्या कॅमडेन या लहान गावात औषधांचे दुकान चालवीत आणि त्यांना नीट ऐकू येत नसे. गिऱ्हाइकाला आपले खाजगी दुखणे सगळ्या दुकानाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगावे लागे. मुलगा गल्ल्याजवळ उभा राहून हे पाहत मोठा झाला. दुकानदाराचा बहिरेपणा दुकानदाराच्या मुलालाच कळला, असे मी म्हणतो.

क्लार्क यांच्यापुढे अडचण होती ती तार शंखाच्या वेढ्यातून कोठेही न टोचता आत नेण्याची. १९७७ मध्ये सुट्टीत समुद्रकिनारी बसले असता त्यांनी एका शंखात गवताची पाती सरकवून पाहिली. बुडाशी ताठ आणि टोकाशी लवचिक असलेली पाती वळणे घेत आत गेली. तारेची घडण त्यातून ठरली. १ ऑगस्ट १९७८ रोजी रॉड सॉन्डर्स या गृहस्थावर पहिली शस्त्रक्रिया झाली. मोटार अपघातात त्यांचे ऐकणे गेले होते. पुढे चाचणीत राष्ट्रगीताची धून यंत्रातून वाजवली तेव्हा ते खुर्चीतून उठून ताठ उभे राहिले. आपल्या जीवविचारात शंख हा द्वींद्रिय, म्हणजे स्पर्श आणि रस एवढ्याच दोन इंद्रियांचा जीव. श्रोत्र हे पाचवे इंद्रिय, पंचेंद्रियांनाच लाभलेले. पाचव्याची वाट दोन इंद्रियांच्या जीवाच्या कवचाने दाखवली, याची मला मौज वाटते.

माझ्या आत्यांना मात्र मौज वाटली नाही. त्या नव्वदीच्या आहेत, एकासन चुकवत नाहीत. मी सर्व कागदपत्रे घेऊन त्यांना पाया पडायला गेलो तेव्हा त्यांनी पाटीवर लिहून विचारले, "यासाठी जनावरे मारली का?" हे कोणत्याही माहितीपुस्तिकेत नव्हते. मी शोध घेतला. क्लार्क यांचे आरंभीचे संशोधन मांजरांवर झालेले आहे. मी आत्यांना तेच सांगितले. त्यांनी शस्त्रक्रियेला नाही म्हटले नाही. त्या दिवशी गोशाळेला आणि पांजरपोळाला देण्यासाठी स्वतःच्या कपाटातून पैसे काढून दिले. त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे आजही पूर्ण उत्तर नाही, आणि ते पैसे म्हणजे उत्तर आहे असे त्याही मानत नाहीत.

आता खर्चाचे. आपल्या वाचकांना तेच आधी हवे असते, हे मी जाणतो. यंत्र, शस्त्रक्रिया, रुग्णालय, तपासण्या, मुंबईचे मुक्काम धरून एका कानाला बारा लाखांवर गेले. यंत्राच्या प्रकारानुसार ही रक्कम कमी किंवा पुष्कळ अधिकही होते. विमा कंपनीने दाव्यातील अर्ध्याहून कमी रक्कम मान्य केली. शिवाय हा एकदाचा खर्च नाही. आतला भाग बहुधा आयुष्यभर टिकतो, पण बाहेरचा प्रोसेसर काही वर्षांनी बदलावा लागतो. वायर, कॉइल, बॅटऱ्या हे चालूच. व्यापारी भाषेत सांगायचे तर हे भांडवली खर्चासोबत येणारे कायमचे भाडे आहे.

घरात बैठक झाली. पासष्टीच्या माणसावर एवढे खर्चावेत का, हा प्रश्न कोणी तोंडाने विचारला नाही, मीच मांडला. एवढ्या रकमेत हंगामाचे खेळते भांडवल उभे राहते. धाकट्या मुलाने कॅल्क्युलेटर घेतला, त्यावर आकडे न टाकता लिहून विचारले की, मोतिबिंदू झाला असता तर तुम्ही हा प्रश्न काढला असता का? मोतिबिंदूच्या आणि या खर्चात जमीनअस्मानाचे अंतर आहे हे मी त्याला दाखवले. तरीही त्याचे म्हणणे खोटे नव्हते. डोळा गेला तर आपण धावतो; कान गेला की 'वय झाले' म्हणतो. आपल्या संस्थांनी नेत्रशिबिरे किती घेतली याची गणती नाही. जयपूरच्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने १९७५ पासून असंख्य लोकांना पायावर उभे केले. कानाकडे आपला दानाचा हात अजून फारसा वळलेला नाही. डोळ्यावरची पट्टी आणि लाकडी पाय दिसतात. बहिरेपण दिसत नाही, एवढेच कारण असावे.

लहान मुलांसाठी सरकारी मदत आहे. केंद्राच्या एडिप योजनेत २०१४ पासून कॉक्लिअर इम्प्लांटचा समावेश झाला. आरंभी वर्षाला ५०० मुले आणि एका मुलामागे सहा लाखांपर्यंत, अशी तरतूद होती. तिचे मुख्य सूत्र मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेकडे असते. महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेल्या गृहस्थांच्या नावाची ही संस्था १९८३ पासून वाचा व श्रवणाचे काम करते. माझ्या वयाच्या माणसाने आपली थैली आपणच सोडायची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत सत्तर डेसिबलची हानी असली की माणूस बधिर ठरतो. माझी त्याच्या पुढे गेलेली होती, प्रमाणपत्र मिळाले, पैसे नव्हे. शस्त्रक्रियेच्या कौशल्याबाबत मात्र महाराष्ट्राला बाहेर पाहावे लागत नाही. मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने यांना २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली, ती याच क्षेत्रातील कामासाठी ओळखली जाते. माझे शल्यविशारद वेगळे. पण नवी पिढी तयार हाताची आहे.

शस्त्रक्रियेविषयी फार लिहिण्यासारखे नाही. आधी न्यूमोकोकल लस घ्यावी लागते, कारण मेंदूज्वराचा धोका टाळायचा असतो. सीटी स्कॅन, एमआरआय. मग पूर्ण भूल, कानामागे छेद, हाड कोरणे. चेहऱ्याची नस अगदी शेजारून जाते, तेथे डॉक्टरांची कसोटी. अडीच तास लागले, तिसऱ्या दिवशी सुट्टी. काही आठवडे जिभेला लोखंडाची चव होती आणि उठताना गरगरे. कानात उरलेले थोडेसे नैसर्गिक ऐकणेही जाऊ शकते, हे आधी लिहून घेतात. माझे गेले. हे वाचकांनी लक्षात ठेवावे: ही वाट परतीची नाही.

तीन आठवड्यांनी यंत्र चालू केले. आप्तांची अशी कल्पना असते की, त्या क्षणी माणसाला ऐकू येते आणि डोळे भरून येतात. मला ऐकू आले ते असे: पत्र्यावर गारा पडाव्यात, त्यातच कोणी शिट्ट्या माराव्यात. माझी पत्नी समोर बसून बोलत होती आणि प्रत्येक अक्षराला एक टिकटिक होत होती. ती घाबरली. ऑडिओलॉजिस्टबाई शांत होत्या. त्यांनी समजावले की, मेंदूला हे संदेश अपरिचित आहेत. ज्याने एकदा भाषा ऐकलेली आहे तो मेंदू हळूहळू जुन्या आठवणीशी त्यांची जुळणी करतो. ही जुळणी डॉक्टर करत नाहीत, घर करते.

आमच्या घरी ती नातीने केली. रोज सकाळी शाळेत जाण्यापूर्वी ती माझ्या पाठीमागे उभी राहून सहा ध्वनी उच्चारी: आ, ई, ऊ, म, श, स. ही जगभर वापरली जाणारी चाचणी आहे. यात बोलण्याच्या खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतचे सर्व टप्पे येतात. मी प्रत्येक ध्वनी पुन्हा म्हणायचा. पहिले सहा आठवडे 'श' आणि 'स' म्हणजे माझ्यासाठी नुसती हवा होती. संध्याकाळी ती वर्तमानपत्राचे बाजारभावाचे पान वाचे, आधी कागद माझ्या हातात देऊन, मग न देता. तूर, हरभरा, सरकी, गूळ. दहा वर्षांच्या मुलीने आजोबांना बाजारभाव वाचून दाखवायचे, हा काही करमणुकीचा उद्योग नव्हे. ती कंटाळली की मोठी सून बसे. तिचा आवाज बारीक, तो सर्वांत उशिरा उलगडला. लग्न होऊन घरात आल्याला बारा वर्षे झाली होती. तिचे पूर्ण वाक्य मी प्रथमच ऐकले.

चौथ्या महिन्यात एक दिवस दुकानात पाठमोरा उभा असताना मागून कोणी तरी 'साठ' म्हणाले. 'आठ' नव्हे, 'साठ'. मी वळलो नाही. पोत्यांची संख्या होती ती. मी साठ लिहिले.

सुधारणा सरळ रेषेत होत नाही. शांत खोलीत एक माणूस बोलत असेल तर आज मला दहापैकी आठ-नऊ वाक्ये कळतात. आठवडे बाजाराच्या गर्दीत तीन-चार. घुमणाऱ्या जागी तर यंत्र हात टेकते. अजिंठ्याची लेणी आमच्याच तालुक्यात. पाहुण्यांना घेऊन गेलो, चैत्यगृहात शिरलो आणि गाइडचा एकेक शब्द पाचपाच वेळा अंगावर आला. लग्नाचे मंगल कार्यालय याहून वाईट. संगीताबाबत कोणी भूल देऊ नये. भक्तामर ऐकतो तेव्हा वसंततिलका वृत्ताची लय ओळखू येते, चाल येत नाही. सगळे स्वर एका पट्टीत सपाट होतात. काही आवाज तर यंत्र येण्याआधीच संपले. पाचोरा-जामनेरची छोटी गाडी २०२० मध्ये थांबली. शेंदुर्णीच्या बाजूने येणारी तिची शिटी लहानपणी वारा त्या दिशेचा असला की ऐकू येई. रुंद रुळांवरची गाडी आली तर तिचा भोंगा ऐकेन, पण तो नव्याने शिकावा लागेल.

गैरसोयी बारीकसारीक आहेत. बाहेरची कॉइल लोहचुंबकाने डोक्याला चिकटते. ती एकदा शटर ओढताना उडाली आणि शटरलाच जाऊन चिकटली. मी गुदामात शोधतो आहे आणि हमाल हसतो आहे. टोपी घातली की ती सरकते. अंघोळीला, झोपायला काढावी लागते. रात्री मी पूर्वीसारखाच बहिरा असतो आणि दाराची कडी वाजली तर पत्नीने उठायचे. सामायिकाला बसतानाही मी यंत्र काढून ठेवतो. कोणी सांगितले म्हणून नव्हे. विजेवर चालणारी वस्तू अंगावर नसावी असे माझे मला वाटते. ते अठ्ठेचाळीस मिनिटांचे मौन मला प्रिय आहे. पूर्वीचे वीस वर्षांचे नव्हते.

स्थानकात मी आता खांबाजवळ, समोर बसतो. सभेत खोकला, पंखा, मुले नसली तर मुहपत्तीआडून आलेले बरेचसे समजते. मागच्या संवत्सरीला प्रतिक्रमणानंतर लोक खमतखामणा करीत होते, आणि कोणी काय म्हटले ते मला हात जोडण्यावरून ओळखावे लागले नाही.

मॅपिंगसाठी, म्हणजे यंत्राचे माप पुन्हा बसवण्यासाठी, आम्ही वर्षातून एक-दोनदा मुंबईला जातो. तेथे एका शेतकरी कुटुंबाची गाठ पडली. त्यांची साडेतीन वर्षांची मुलगी जन्मतः बहिरी. सरकारी योजनेतून इम्प्लांट झालेले. तिची आई बाहेरच्या बाकावरही सारखी बोलत होती. ही पिशवी, पिशवीत डबा, डब्यात पोळी, पोळी कोणाला? मला आठवायचे होते, त्या मुलीला सगळे पहिल्यापासून उभे करायचे होते. मेंदूची भाषा घेण्याची उमेद पहिल्या काही वर्षांत सर्वांत मोठी असते. पाच वर्षांनंतर जन्मजात बहिऱ्या मुलाला यंत्राचा लाभ पुष्कळ घटतो. म्हणून ज्यांच्या घरी बाळ जन्मेल त्यांनी रुग्णालयातून निघण्यापूर्वी ओएई तपासणी मागून घ्यावी. झोपलेल्या बाळाच्या कानात एक छोटा बोंडू ठेवतात, काही मिनिटांत होते, दुखत नाही, खर्च मुंडनाच्या पेढ्यांहून कमी. मोठ्या कुटुंबात तर हे अधिक हवे; तेथे मूल इतक्या कडेवरून फिरते की, ते हाकेला वळत नाही हे दोन वर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. त्या मुलीने माझ्या डोक्यावरची कॉइल पाहिली, स्वतःच्या कॉइलला हात लावला आणि "आबा" म्हणाली. तिच्या आईने लगेच दुरुस्त केले: "आजोबा."

डाव्या कानाचे अजून ठरलेले नाही. दोन्ही कानांना यंत्र असले की आवाजाची दिशा कळते. आज मला रस्त्यावर हॉर्न ऐकू येतो, पण तो कोणत्या बाजूने हे कळत नाही, आणि सोयगावच्या चौकात हे महत्त्वाचे आहे. मुलांचा आग्रह आहे. मी कापसाचा हंगाम पाहून सांगतो असे म्हटले आहे. बाविसांपैकी एक इलेक्ट्रोड मागच्या भेटीत बंद करावा लागला. तो चालू असला की उजव्या डोळ्याची पापणी फडफडे. एकवीस चालू आहेत.